आघाडी सरल्यानंतरची दुसरी रात्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शीत आघाडी (पुढे सरकणाऱ्या थंड हवेची उबदार हवेला भिडणारी कड) येणार म्हटले की आपल्या हवामानाच्या सदराला भरपूर जागा मिळते. पाऊस कधी, वारा किती, पारा किती अंशांनी उतरणार, सगळे सविस्तर येते. आघाडी पुढे सरकली की मात्र उरतात कमाल-किमानाचे दोन आकडे आणि सूर्याचे चित्र. शरद ऋतूत खरी अडचण नेमकी याच उघडिपीत असते, म्हणून हे पत्र.

पाऊस थांबला म्हणजे आघाडी गेली, असे धरून चालत नाही. तिच्या जाण्याची खूण तीन गोष्टींत दिसते: उतरत आलेला हवेचा दाब एकदम चढू लागतो, वारा दिशा बदलतो (उत्तर गोलार्धात बहुधा नैऋत्येकडून वायव्येकडे) आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते) खाली येतो. तापमान मात्र फसवते. आघाडी दुपारी गेली आणि लगेच ऊन पडले, तर तास-दोन तास पारा उलट चढतोही. म्हणून हवा खरोखर बदलली की नाही हे पाहायचे तर दवबिंदूचा आकडा हवा, आणि तोच आपल्या सदरात नसतो.

आता रात्रीकडे वळू. आघाडीनंतरच्या पहिल्या रात्री वारा अजून ताशी पंधरा-वीस किलोमीटरने वाहत असतो. तो वरची उबदार हवा खाली ढवळत राहतो, त्यामुळे बोचरे वाटले तरी पारा फार खाली जात नाही. मागून येणाऱ्या उच्च दाबाचा मध्य डोक्यावर आला की वारा पडतो, आभाळ निरभ्र होते आणि जमिनीतली उष्णता बिनअडथळा वर निघून जाते. ही बहुधा दुसरी रात्र असते, कधी तिसरी. खरा गारठा तेव्हा पडतो. सदर पहिल्या रात्रीचा इशारा देऊन मोकळे झालेले असते, आणि ज्यांनी रोपांवरचे आच्छादन सकाळी काढून घडी घालून ठेवले, त्यांची रोपे दुसऱ्या रात्री गारठ्यात सापडतात.

दुसरी गफलत किमान तापमानाच्या आकड्यातच आहे. हा आकडा जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजलेला असतो. निरभ्र, निवांत रात्री गवताचे पाते त्याहून तीन ते पाच अंशांनी थंड असू शकते. छापलेले किमान ३ अंश असले तरी जमिनीलगत पाणी गोठू शकते, हे वाचकाला कोणी सांगत नाही.

संध्याकाळचा दवबिंदू कळला तर घरबसल्या बराच अंदाज बांधता येतो. सूर्यास्ताला हवा ११ अंश आणि दवबिंदू ५ असेल, तर पारा ५ पर्यंत झपाट्याने उतरेल. मग दव पडू लागेल आणि वाफेचे पाणी होताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेमुळे घसरण मंदावेल. उंचावरच्या रोपांना सहसा धोका नाही. पण दवबिंदू उणे ३ असेल तर हा आधारच नसतो. पारा सरळ शून्याखाली जातो आणि पानांवर पांढरा थर दिसण्याआधीच आतले पाणी गोठते. सकाळी पान स्वच्छ दिसते, दुपारी काळे पडते. पांढरे काही दिसले नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांचे नुकसान इथे होते.

अशा रात्रीची तयारी दिवसाच करावी लागते. जमीन कोरडी असेल तर दुपारपर्यंत पाणी द्यावे, कारण ओली माती उष्णता जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते. कापड सूर्यास्तापूर्वी घालावे आणि कडा जमिनीला टेकवाव्यात, कारण झाकायची असते ती मातीची ऊब. नुसते शेंड्यावर बांधलेले कापड उपयोगाचे नाही. प्लॅस्टिक पानांना टेकले तर तिथेच पान करपते.

याच रात्रींचे दुसरे दुखणे म्हणजे धुके. आघाडीच्या पावसाने माती भिजलेली असते आणि आता रात्रीही लांब होत असतात. ४५ अंश अक्षांशावर शरद संपातानंतर (दिवस-रात्र समान झाल्यावर) दिवस रोज सुमारे तीन मिनिटांनी आखडतो. वारा अगदीच पडला तर नुसते दव पडते. झुळूक असेल तर तेच बाष्प जमिनीवर धुके होऊन साचते. सूर्य उगवल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास ते उलट दाट होते, कारण दव उडू लागते आणि हवा ढवळली जाते. ‘सकाळी धुके’ एवढेच छापून भागत नाही, निघायची वेळ ठरवणाऱ्याला ते कधी उठेल हे हवे असते. पारा शून्याजवळ असेल तेव्हा पुलांचा उल्लेख वेगळा हवा. पूल खालूनही थंड होतो, त्यामुळे रस्ता कोरडा असतानाही त्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो.

साऱ्या विभागाला एकच आकडा देणे तर सर्वांत घातक. थंड हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी वाहत खोलगट भागात साचते, त्यामुळे निवांत रात्री दरीचा तळ उतारापेक्षा कितीतरी गार असतो. किनाऱ्यावर चित्र निराळे. शरदात समुद्र आणि मोठी सरोवरे अजून उबदार असतात. पाण्याचा पृष्ठभाग आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांत सुमारे १३ अंशांचा फरक पडला की पाण्यावरून येणारी थंड हवा ढग बांधते, आणि किनाऱ्यापासून आत लख्ख ऊन असताना काठावर सरींमागून सरी येतात.

कधी आघाडी जातच नाही. वरच्या थरातले वारे तिला समांतर वाहू लागले की तिला पुढे ढकलणारे कोणी उरत नाही. ती अडकते, आणि तिच्यावर कमी दाबाची छोटी क्षेत्रे तयार होऊन पाऊस दोन-तीन दिवस लांबतो. एवढी शक्यता असेल तर अंदाजात ती स्पष्ट लिहावी.

पुढच्या महिन्याच्या अंदाजाबद्दलही थोडे. ‘सरासरीपेक्षा थंड राहण्याची शक्यता ४० टक्के’ ही बातमी ‘कडाक्याची थंडी येणार’ अशा मथळ्याने देऊ नये. असे अंदाज थंड, सर्वसाधारण आणि उबदार या तीन गटांत वाटलेले असतात. काहीच कल नसेल तेव्हाही प्रत्येकाच्या वाट्याला ३३ टक्के येतात. ४० म्हणजे किंचित झुकाव, उरलेले ६० टक्के इतर दोन गटांचे. ही सरासरी कोणत्या तीस वर्षांची, १९९१ ते २०२० ची की आधीची, तेही लिहावे.

त्यामुळे विनंती एवढीच की, आघाडीनंतरचे निदान तीन दिवस सदरात चार ओळी वाढवाव्यात: संध्याकाळचा दवबिंदू, रात्रीचा वारा व ढग, जमिनीलगतचे किमान तापमान, आणि दरी, उतार व किनारा यांचे वेगवेगळे आकडे. सूर्याचे चित्र थोडे लहान केले तर जागाही निघेल.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक