सहा महिने, पण सलग

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर म्हणालास, "केस जिंकलो, पण जेवण गेलं नाही." समोर भाडेकरू म्हातारी, तू घरमालकाचा वकील. तिचं भाडं थकलेलं, नोटिशीची मुदत उलटलेली, कायदा सरळसरळ तुझ्या अशिलाच्या बाजूचा. मी नुसतंच हूं हूं केलं. तेव्हापासून डोक्यात एक जुना अमेरिकन वकील घोळतोय, थॅडियस स्टीव्हन्स.

जन्म १७९२, व्हर्माँटमधल्या डॅनव्हिलचा. एक पाय जन्मापासून वाकडा, बाप घर सोडून गेलेला, शिकवलं ते आईनं. पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला (हो, लढाईवालंच ते) यानं वकिली थाटली. तिथे त्यानं एका गुलाममालकाचं वकीलपत्र घेतलं. समोर चॅरिटी बटलर नावाची काळी बाई. परराज्यातल्या मालकानं गुलाम सहा महिन्यांवर पेनसिल्व्हेनियात ठेवला तर तो मोकळा, असा १७८० चा कायदा. चॅरिटीला मेरीलँडहून कितीदा तरी इकडे आणलेलं. खेपांची बेरीज केली तर सहा महिने भरत होते. स्टीव्हन्स म्हणाला, बेरीज चालणार नाही, सहा महिने म्हणजे सलग सहा महिने. १८२१ साली वरच्या कोर्टानं हे मानलं. ती आणि तिची मुलं गुलामच राहिली. युक्तिवाद बिनतोड आहे की नाही सांग! तुमच्या बार रूममध्ये त्याला चहा पाजला असता.

पण पुढचा माणूस बघ. १८३८ ला राज्याच्या नव्या घटनेनं काळ्यांचा मताधिकार काढला, तर यानं तिच्यावर सही केली नाही. १८५१ ला क्रिस्टियाना गावात पळालेल्या गुलामांना धरायला आलेल्या मालकाचा खून झाला. त्यातून राजद्रोहाचा खटला उभा राहिला, आणि हा आरोपीच्या बाजूनं उभा. आरोपी सुटला. मग काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी भांडला. आपल्या घटनेच्या कलम १४ मधलं 'कायद्याचं समान संरक्षण' तिथूनच आलंय, हे तुला मी काय सांगू. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवर महाभियोग चालला तेव्हा याला चालता येत नव्हतं, खुर्चीत बसवून उचलून नेत. उचलणाऱ्यांना विचारायचा म्हणे, "तुम्ही मेलात की मला कोण नेणार?"

त्याच ऑगस्टमध्ये वारला. पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टर गावची इतर स्मशानं फक्त गोऱ्यांची, म्हणून सगळ्यांना घेणारं एक लहानसं स्मशान त्यानं आधीच निवडून ठेवलेलं. दगडावरचा मजकूरही त्याचाच: एकांताची आवड म्हणून नव्हे, इतर ठिकाणी वर्णाची अट आहे म्हणून मी इथे निजलोय.

चॅरिटीला याचा काही उपयोग झाला नाही, ते वेगळंच.

तुझ्या म्हातारीची अपिलाची मुदत कधीपर्यंत आहे, तेवढं कळव. फुकट वकील देणाऱ्या विधी सेवावाल्यांकडे मी घेऊन जातो तिला. तुझं नाव कुठे निघणार नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या