आई-बाबा, पैसे भरून का पळते ते सांगते

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर मी शर्यतीची फी भरली म्हटल्यावर बाबा म्हणाले, "पैसे भरून पळायचं म्हणजे काय गं, आमच्या रानात ये की, फुकट पळवतो." मी हसले आणि फोन ठेवला, खरं ते डोक्यातून काय गेलं नाही. म्हणून लिहायला बसले. फोनवर बोलायला गेलं की बाबा मधेच पावसाचं काढतात, आई जेवलीस का विचारते, आणि मुद्दा राहतोय तो राहतोच. आईचा चष्मा अजून दुरुस्त करून आणला नसेल तर बाबा तुम्हीच मोठ्यांदा वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका.

सुरुवात कशी झाली ते तुम्हाला सांगितलंच नाही मी, लाज वाटत होती. गेल्या वर्षी एकदा इथं कोल्हापुरात केएमटी बसच्या मागं पळाले, फार तर पन्नास पावलं. बस मिळाली, खरं पुढचे दोन स्टॉप गेले तरी धाप काय बसेना, शेजारची आजी मला पाणी द्यायला लागली! वय माझं छत्तीस. दिवसभर लॅबमध्ये दुसऱ्यांची रक्तं तपासायची आणि स्वतःची ही अवस्था. त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या आवारात सकाळी पळणारा एक ग्रुप आहे त्यांच्यात गेले. आई, तू म्हणतेस अंधारात एकटी जाऊ नको, तर एकटी नसते, पाच-सहा बायका आहोत, त्यातल्या एक साठीच्या आहेत आणि त्या माझ्या पुढं असतात.

पहिले दोन महिने मी शुद्ध गाढवपणा केला. रोज जीव खाऊन पळायचं, कालच्यापेक्षा आज जास्त, आणि घाम निघाला नाही तर व्यायाम झालाच नाही असं वाटायचं. मग नडगी दुखायला लागली, आधी पळताना, मग जिना चढताना, मग नुसतं उभं राहिलं तरी. कोचनी बंद करायला लावलं सगळं. त्यांनी सांगितलं की काही आठवड्यात दम वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने लागतात, म्हणजे इंजिन लवकर सुधारतं आणि चाकं मागं राहतात, आणि नेमकं तेव्हाच माणूस वेग वाढवतो. तीन आठवडे बसवून मग परत सुरू केलं ते हळू. हळू म्हणजे इतकं हळू की पळता पळता शेजारणीशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. आठवड्यात जोराचं पळणं एकदाच, बाकी सगळं असं गप्पा मारत. दर आठवड्याला थोडंच वाढवायचं, आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्यात कमी करायचं. दोन दिवस बैठका आणि वजनं. मला आधी वाटलं हे काय, असं रमतगमत कुणाची कामगिरी सुधारते होय? खरं सुधारली. आता ज्या वेगात मला जूनमध्ये तोंडातून शब्द फुटत नव्हता त्या वेगात मी भिशीचा हिशोब सांगते.

आणि बाबा, तेव्हा मला तुमचा तालमीतला कुस्तीचा हौदा आठवला. तुम्ही गंगावेशीकडं तालमीत होता ती दोन वर्षं, त्यातले पहिले कितीतरी महिने वस्तादांनी कुणाशी कुस्ती धरूच दिली नाही, नुसतं पहाटे उठून फावड्यानं लाल माती उकरायची, वरखाली करायची, परत सारखी करायची. तुम्ही सांगायचा तेव्हा मला वाटायचं पोरांना फुकट राबवायचे. आता कळतंय, पाठ, खांदे, मनगट सगळं त्या मातीत आधी घडत होतं, डाव नंतर. तुम्ही त्याला व्यायाम कधी म्हणायचा नाही, मेहनत म्हणायचा. आमच्या कोचकडं घड्याळ आहे आणि चार्ट आहेत, खरं बोलतात ते तुमच्या वस्तादांचंच.

आता एक गोष्ट बोलून टाकते, मनात ठेवून उपयोग नाही. तुम्ही दादाला सातव्या वर्षी गावच्या तालमीत नेलं, कुस्तीची लांघ शिवून घेतली, त्याच्यासाठी बदाम भिजवले, आणि तो दोन महिन्यात पळून आला. मी दारात उभी राहून बघायचे. पोरींनी हौद्यात पाय ठेवायचा नाही म्हणून उंबऱ्याच्या आत मला कधी घेतलं नाही कुणी. तुमच्यावर राग नाही, तेव्हा तसंच होतं, आणि आता तर आपल्या भागातल्या पोरी मॅटवर कुस्ती करतात. खरं ते बदाम मी मोजलेले अजून आठवतात. अकरा होते.

आणि पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट. हेलसिंकी ऑलिम्पिक, 1952, ब्राँझ, ही तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितली असेल. 1948 कधी सांगितलं नाही! मी परवा वाचलं, लंडनला ते सहावे आले होते. मातीतला माणूस, मॅटवर खेळायची सवय नव्हती. मग परत आले आणि चार वर्षं मेहनत केली, तेव्हा 1952 झालं. मला त्या मधल्या चार वर्षांचं जास्त कौतुक वाटायला लागलंय. बघायला कोण येतंय तेव्हा? आपल्या राधानगरीकडच्या स्वप्निल कुसळेचं पण तसंच, 2024 ला पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ आलं तेव्हा तुम्ही अख्ख्या गल्लीला पेढे वाटले, त्याच्या आधी किती वर्षं तो रेल्वेची नोकरी सांभाळून नेम धरत होता ते आपल्याला कुठं माहीत होतं.

बाकी माझी शिस्त म्हणजे काय फार मोठी नाही. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवते, म्हणजे अलार्म बंद करायला उठावंच लागतं, आणि उठलं की समोर बूट. दहाला झोपते, त्यासाठी दोन सिरियल सोडल्या (एक सोडवली नाही अजून). एक वही केलीय, लॅबच्या रजिस्टरसारखी, तारीख, किती पळाले, किती झोपले, कुठं दुखलं. वहीत सलग दोन दिवस कोरे दिसले की मला माझीच चीड येते, तेवढं पुरतं.

आता खरा मुद्दा, जो आईला आवडणार नाही. पळायला लागून चार महिने झाले तरी मला चढ आला की पाय जड व्हायचे, डोळ्यापुढं अंधारी यायची. मी म्हटलं झोप कमी पडत असेल. शेवटी स्वतःचंच रक्त काढलं आणि मशीनला लावलं. हिमोग्लोबिन 10.4. बाईचं 12 च्या खाली गेलं की आम्ही रिपोर्टवर खूण करतो, तशी मी माझ्याच नावापुढं केली. डॉक्टरनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि जेवणाबरोबर आणि जेवल्या जेवल्या चहा बंद करायला सांगितला, चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही म्हणे, त्यापेक्षा भाजी-उसळीवर लिंबू पिळ. तीन महिन्यांनी 12.3 आलं, आणि तोच विद्यापीठाचा चढ, मला वाटलं कुणीतरी रात्रीत सपाट केला.

आई, तू सगळ्यांचं झाल्यावर कढईतलं उरलेलं खातेस आणि हात धुवायच्या आत चहा ठेवतेस. तुला दुपारी गळल्यासारखं होतं ते तू "वय झालं" म्हणतेस. तुझं कधी तपासलंय का कुणी? मला तर आठवत नाही.

आणि बाबा, तुम्ही हसू नका. मेहनत सुटून चाळीस वर्षं झाली, खुराक तेवढा चालू आहे. दूध, तूप, रविवारी तांबड्या रश्श्याच्या तीन वाट्या, आणि मग साखर वाढली की डॉक्टरला नावं ठेवता. मी जोर काढा म्हणत नाही. खुर्चीवर बसा, हात छातीवर धरा, आणि हात न टेकता उठून दाखवा, सलग पाच वेळा. जमलं तर रोज करा, न जमलं तर मला खरं सांगा, मग हात टेकून सुरू करू. पैलवान माणूस, पाचला काय भ्यायचं.

डिसेंबरात माझी 21 किलोमीटरची शर्यत आहे. दोघं आदल्या दिवशीच या, रात्री माझ्याकडं राहा. बाबांना खासबागेत सोडते तासभर, तिथं मैदानाच्या उतारावर बसून कुठली कुस्ती कुठं बसून बघितली ते आईला परत एकदा सांगतील. पहाटे मात्र मी लवकर निघणार, तुम्ही सावकाश उठून या.

घनसाळ तांदूळ संपत आलाय, दादा येणार असेल तर पाठवा.

मी या रविवारी येतेय. (बाबा, इथून पुढचं मोठ्यांदा वाचू नका.) बॅगेत सुई आणि दोन ट्यूब आणणार आहे. सकाळी आईला पाणी सोडून काही खाऊ-पिऊ देऊ नका, तिची साखर पण बघून टाकू. मी आले की तुम्ही तिला गप्पात गुंतवा.

तुमची,
धाकटी