प्रत तिसरी

सोलापूर,
9 फेब्रुवारी

प्रिय कुंदे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा आहे तसाच, ह्यांची साखर गोळीवर. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच कुकर बंद करायला जातेस आणि मला हे सलग सांगायचंय. इथे कुणाला सांगायला गेले की म्हणतात, "पुस्तकाची नोंद चुकली तर दुरुस्त कर की, त्यात काय एवढं." त्यात काय एवढं ते तुलाच कळेल.

आपल्या शाळेतल्या बाई आल्या होत्या आमच्या वाचनालयात.

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर एका दुपारी नातसुनेला घेऊन रिक्षाने आल्या. पायऱ्या चढताना हात धरू दिला नाही, ते तुला सांगायलाच नको. त्यांच्या डोळ्यांचं तू ऐकलं असशीलच. मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा आजार आहे. कडेचं दिसतं, मधलं पुसून गेलंय. मोतीबिंदू काढून मोकळं व्हावं तसं ह्यात होत नाही. "समोरच्याचे कान दिसतात गं, नाक दिसत नाही," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. भिंग घेऊन वाचतात, पण भिंगाखाली एका वेळी दोन शब्द येतात आणि ओळीच्या शेवटी पोचेस्तोवर सुरुवात विसरायला होते.

काउंटरवरच्या पोराला त्यांनी "मोठ्या अक्षरातलं काहीतरी दे" म्हणून सांगितलं. पोरगा गुणी आहे. त्याने संगणकावरच्या कॅटलॉगात, कोहात, 'मोठा टाइप' घालून शोधलं. पडदाभर पोथ्या, स्तोत्रं, आरत्या. त्यातली एक पोथी धावत जाऊन घेऊन आला. बाईंनी ती कपाळाला लावली आणि परत दिली. "ही मला पाठ आहे, बाळा. पाठ नसलेलं काहीतरी दे."

मी आतून ऐकत होते. कुंदे, त्या वाक्याने मला अजून झोप नाही.

कारण पाठ नसलेलं पुस्तक आमच्याकडे होतं! चाटी गल्लीतल्या वकिलांच्या घरून मागे खोकी आली होती. त्यांचा मुलगा इंग्लंडात असतो. आईची नजर गेल्यावर तो येताना तिकडची मोठ्या अक्षरातली इंग्रजी पुस्तकं आणायचा. लेस्टरच्या फ्रेडरिक थॉर्प यांनी 1964 साली काढलेल्या अल्व्हरस्क्रॉफ्ट प्रकाशनाची, आपल्याला ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात फक्त नाव माहीत होतं ती. मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तुझी फार आठवण आली. आणि आईला मराठीच हवं म्हणून त्याने एक कादंबरी अख्खी टाइप करून घेतली, वीस पॉइंटात, ए-फोर कागदावर एका बाजूला छापून, कापडी बांधणी करून. कोणती ते लिहीत नाही. दहावीला जिचा धडा शिकवताना बाई थांबल्या होत्या आणि खिडकीकडे गेल्या होत्या, तीच.

आता नोंद ऐक. मी तेव्हा धाकटीच्या बाळंतपणाच्या रजेवर होते. नोंदी करायला बाहेरची मुलं नेमली होती. त्या जाड बाडावर प्रकाशक नाही, आवृत्ती नाही, आयएसबीएन नाही. त्यांनी नाव आणि लेखक टाकला, कोहाने सांगितलं की अशी नोंद आधीच आहे, संशय आहे, तपासा. त्यांनी तपासलं नाही, जुन्या नोंदीखाली टाकलं. प्रत तिसरी. म्हणजे कॅटलॉगच्या लेखी ते आणि 212 पानांचं बारीक टाइपाचं पिवळं पडलेलं पुस्तक एकच. कुणी राखून ठेवायला सांगितलं तर तीनातली जी प्रत आधी मोकळी होईल ती त्याच्या हातात जाणार.

मला आठवलं म्हणून सापडलं. मी ते बाईंच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी भिंग पर्समध्येच राहू दिलं. मान जरा तिरकी करून, कडेच्या नजरेने, पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला. जोडाक्षरांपाशी अडखळत होत्या, पण वाचला. वर्तमानपत्रं वाचत बसलेले सगळे ऐकत होते, कुणी हूं की चूं केलं नाही.

मग, कुंदे, मी पुढच्या जूनला निवृत्त होतेय. त्यानंतर ते कुणाला आठवणार? कॅटलॉग असतोच त्यासाठी, की माणूस गेलं तरी नोंदीने सांगावं.

मी बसून विचार केला की पोथ्या तेवढ्या का सापडल्या. पोथीच्या वेष्टनावर 'मोठा टाइप' छापलेलंच असतं, म्हणून ते आवृत्तीच्या रकान्यात उतरलं. मुखपृष्ठावर जे छापलंय ते उतरवून घ्यायला मुलं शिकतात, आणि बरोबरच आहे ते. पण पृष्ठसंख्या, आकार, चित्रं ह्या भौतिक वर्णनाच्या जागी पुस्तकाकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहायचं असतं, तिथेच कुणी बघत नाही. कंसात 'मोठी अक्षरं' एवढं लिहायचं होतं. आणि मार्कमध्ये, म्हणजे संगणकातल्या नोंदीच्या साच्यात, 008 ह्या रकान्याच्या 23व्या जागी 'डी'. त्या एका डीवर शोध गाळता येतो. तो नसला तर बाईंसाठी ते पुस्तक अस्तित्वातच नाही.

आता तुझंमाझं जुनं भांडण. एएसीआर-टू ह्या नोंदींच्या जुन्या नियमावलीचा नियम होता, अधू नजरेच्या वाचकांसाठी म्हणून छापलं असेल तर मोठी अक्षरं म्हणा. मी म्हणायचे, हेतू बघा. तू म्हणायचीस, हेतू कुणाला दिसतो, पट्टी लावा. तू पट्टी घेऊन हिंडायचीस! मेसच्या भाकरीचा व्यास मोजून काकूंना दाखवलास आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दोघींच्या ताटात कडक भाकरीचे तुकडे आले, ते मी विसरलेली नाही. आणि स्वतःचं अक्षर मात्र मुंगीएवढं, साडेबारा बाय साडेसातच्या कार्डावर अख्खं चरित्र बसवायचीस.

तू हे काम सोडलंस त्यानंतर 2010 ला आरडीए ही नवी नियमावली आली आणि तिच्यात अक्षराच्या आकाराला स्वतंत्र जागा मिळाली. पण तुझी पट्टी आपल्या लिपीला पुरत नाही. मी लावून बघितली. इंग्रजीत सोळा-अठरा पॉइंटाच्या पुढे मोठी अक्षरं धरतात. अठरा म्हणजे साधारण सव्वासहा मिलिमीटर. आपल्याकडे त्याच अठरात वरची मात्रा, रफार आणि खालचा उकार बसवायचा असतो, मूळ अक्षराच्या वाट्याला उरतं किती? वर कागद पातळ असला की मागची शाई पुढे उमटते. एक पोथी चांगल्या जाड टाइपाची निघाली, पण ओळी एकमेकींत घुसलेल्या. ती नोंदीत मोठी, बाईंना निरुपयोगी.

आणि नुसती पट्टी लावली तर आणखी काय आत येतं बघ. बालवाडीची चित्रांची पुस्तकं. साक्षरता मोहिमेतल्या नवसाक्षरांच्या पुस्तिका. अक्षरं टपोरी, सगळी मापात बसतात. उद्या तो पोरगा 'डी' वर शोधून बाईंना 'स्वच्छ पाणी प्या' आणून देईल. त्यांनी आपल्याला निबंध लिहायला शिकवलं, कुंदे! म्हणून मी अजून हेतूच्याच बाजूची आहे. पण वकिलांच्या मुलाचा हेतू पुस्तकावर कुठे छापलाय? तो मला माहीत आहे म्हणून माहीत. मग मी टीप लिहिली: अधू नजरेच्या वाचकासाठी खाजगीरीत्या टाइप करून घेतलेली प्रत, अक्षर 20 पॉइंट, एका बाजूला छपाई. स्वतंत्र नोंद केली, जुन्या छापील नोंदीशी दुवा जोडला. एवढं तरी बरोबर ना?

समितीत मात्र वाद पेटलाय. एकांचं म्हणणं, प्रकाशक नसलेल्या बाडाला दाखल क्रमांक कसला, तपासणीत अडचण येईल, शिवाय कॉपीराइटचं काय. त्यांना मी कायदा काढून दाखवला. 2012 च्या दुरुस्तीने कलम 52 मध्ये आलंय की अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून तशा रूपात प्रत करायला मुभा आहे. 2014 ला अंध आणि अधू नजरेच्या वाचकांसाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा आपला देश जगात पहिला. ते गप्प झाले, पटलं का ते कळलं नाही.

दुसऱ्यांनी चांगल्या मनाने सुचवलं की दाराजवळ वेगळं कपाट करू, 'ज्येष्ठांसाठी' पाटी लावू. इथेच माझं अडतंय. बाई त्या पाटीखाली उभ्या राहतील? त्यांना कादंबऱ्यांच्या मांडणीपाशी जायचं असतं, चार पुस्तकं चाळायची असतात. पण उलट बाजूही आहे. ज्याला पुस्तकांच्या पाठी वाचता येत नाहीत त्याने सगळी मांडणी कशी धुंडाळायची? आणि ए-फोरचं बाड आमच्या फळीत उभं राहत नाही, आडवं टाकावं लागतं, की मागे जातं. पूर्व भागातले एक आजोबा येतात, आयुष्य मागावर गेलं, त्यांना तेलुगू हवं असतं आणि तेही मोठ्या अक्षरात. त्यांच्या हातातही पोथीच येते. त्यांना विचारलं तर म्हणाले, कपाट करा, मला खुर्ची द्या. म्हणजे बाईंचं उत्तर सगळ्यांचं नाही.

मला वाटतं पुस्तकं आपापल्या विषयात ठेवावीत, पाठीवर रुंद पिवळी पट्टी, आणि काउंटरवर टपोऱ्या अक्षरातली छापील यादी. कपाट नाही, खुर्ची आणि दिवा मात्र हवा. तू वाद घाल. तू वाद घातल्याशिवाय मला माझं मत पक्कं वाटत नाही, तेव्हाही वाटायचं नाही. बैठक 23 तारखेला आहे, त्याआधी उत्तर हवं.

तुझी सून परत कामावर गेली का? नातवाचा दात आला म्हणालीस तो वरचा की खालचा? नाशिकचं घर विकू नकोस, एवढंच सांगते, कारण नंतर. शेंगाची चटणी पाठवलीय, यंदा तिखट जरा जास्त आहे, लेकाला जपून दे.

तुझी,
माली

ता. क. बाईंची निम्मी कादंबरी झाली. वकिलांच्या मुलाला कळवलं, तो दुसरी टाइप करून द्यायला तयार आहे. कोणती हवी म्हणून बाईंना विचारलं. मला वाटलं काहीतरी गंभीर सांगतील. म्हणाल्या, खून असलेली, आणि खुनी शेवटच्या पानापर्यंत कळू नये. तुझ्याकडे जुन्या रहस्यकथांचा गठ्ठा होता ना माळ्यावर?