पुराच्या आराखड्यात नसलेली बाई : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : पुरात आणि इतर आपत्तींत गर्भपाताची सेवा सुरू ठेवण्याबाबत

स.न.वि.वि.

आपण राधानगरीचे. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की खाली काय होतं, हे आपल्याला मी सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे आमच्या शिरोळ तालुक्यात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, दोन वर्षांनी पुन्हा तीच गत. मी या भागात आरोग्य सेविका होते, आता निवृत्त आहे. आपल्या खात्याला पुराची तयारी जमत नाही, असं मी म्हणणार नाही. पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर, ओआरएस, लेप्टोच्या तापासाठी डॉक्सीच्या गोळ्या, सर्पदंशावरचं इंजेक्शन, सगळं पावसाआधी मोजून ठेवलं जातं. दिवस भरत आलेल्या बायकांची यादी होते आणि पाणी चढायच्या आत त्यांना हलवलं जातं. अशा याद्या मी केल्या आहेत, आणि त्यांनी जीव वाचवले आहेत.

पण त्या यादीत येते ती बाळंत होणारी बाई. जिला दिवस गेलेत आणि नको आहेत, तिचं काय करायचं हे आराखड्यात कुठेच नसतं. तिची यादी करा असं मी मुळीच म्हणत नाही. उलट, तशी यादी कधी होऊच नये. माझं म्हणणं एवढंच, की ती येणार हे धरून तयारी असावी.

कायद्याने ते धरलंही आहे. गर्भपाताच्या कायद्याखालच्या 12 ऑक्टोबर 2021 च्या नियमांत 20 ते 24 आठवड्यांदरम्यान गर्भपाताची मुभा कुणाकुणाला, हे लिहिलंय. बलात्कार झालेली, अल्पवयीन, गरोदर असतानाच विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अशांच्या बरोबरीने आपत्तीत सापडलेली गरोदर बाईही त्यात आहे. मात्र तिच्या नावापुढे एक शेपूट जोडलंय : ती आपत्ती शासनाने जाहीर केलेली असावी. हे शासन दिल्लीचं की मुंबईचं, यावर वकील हवा तेवढा काथ्याकूट करतील. तोवर 22 आठवड्यांची बाई 24 ची होते, आणि 24 नंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तरच वैद्यकीय मंडळाकडे वाट उरते.

सप्टेंबर 2025 मध्ये बीड, धाराशिव, सोलापूर पाण्यात गेले. सीनेकाठची गावंच्या गावं घरं सोडून बाहेर पडली. त्या वेळी मदतीचे आदेश निघाले, पंचनामे झाले. या नियमाखालची घोषणा निघाली होती का? निघाली असेल, तर तालुक्याच्या डॉक्टरांच्या हातात ती पडली का? याचं जाहीर उत्तर आपण द्यावं.

आता 20 आठवड्यांच्या आतलं. इथे घोषणेची गरजच नाही. एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं आणि सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. तरी अडतं ते कुठे, ते सांगते. 2019 च्या पुरात शाळेतल्या छावणीत मी मदतीला होते. तिसरीच्या वर्गात दहा-बारा कुटुंबं, मधे साड्या बांधून केलेले आडोसे. एक बाई हंडा घेऊन आली आणि हंडा भरेपर्यंत खालच्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, पाळी लांबलीय, काहीतरी द्या की." गरोदरपण तपासायच्या कीटवर दोन रेघा आल्या. मला माहीत असलेलं सेंटर पाण्यापलीकडे होतं आणि बोटीत बसायचं तर "कुठं निघालीस?" हे अख्खी छावणी विचारणार. पाणी ओसरलं तोवर तिने कुणाकडून तरी गोळ्या मिळवून खाल्ल्या होत्या. कोणत्या, किती, काही सांगेना. अंगावरून जायचं थांबेना. शाळेतलं संडास मुलांच्या मापाचं, कडी तुटलेली, बाहेर रांग. शेवटी जीपमधून नेली आणि ती वाचली.

गोळ्या वाईट नाहीत. नऊ आठवड्यांच्या आत, नीट सांगून दिल्या तर त्या सुरक्षित आहेत. आधी मिफेप्रिस्टोन, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल, त्यानंतर काही तास कळा आणि भरपूर रक्तस्राव. ते तास तिला कडी लागणारं संडास हवं, पाणी, पॅड, दुखण्याची गोळी हवी आणि किती रक्त गेलं तर धावत यायचं हे सांगणारं माणूस हवं. फेरतपासणी दोन आठवड्यांनी. तोवर छावणी उठलेली असते आणि ती घरातला गाळ उपसत असते. मग तपासणार कोण? आशाताईवर टाकून मोकळं होऊ नका. आशा त्याच गावची, बहुतेकदा त्याच भावकीतली. काही बायका तिलाच सांगतील, काही मेल्या तरी सांगणार नाहीत. दुसरी वाट ठेवावीच लागेल.

औषध दुकानदारांना या गोळ्या म्हटल्या की घाम फुटतो. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला मार्च 2017 मध्ये मुलींचे गर्भ पाडण्याच्या प्रकरणात ओढ्याकाठी 19 भ्रूण सापडले, त्यानंतर आमच्या पट्ट्यात ही धास्ती जास्तच बसली. म्हैसाळ भयंकर होतं, तिथे एका बाईचा जीव गेला. पण नऊ आठवड्यांत सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी दिसतच नाही. मग लिंगनिदानाच्या भीतीने या गोळ्यांवर पहारा बसवून नेमकं काय अडवलं जातं? या गोळ्यांचा लिंगनिदानाशी संबंध नाही, हे आपल्या अधिकाऱ्यांनी एफडीएबरोबर (अन्न व औषध प्रशासन) बसून दुकानदारांना लेखी कळवायला हवं.

गोळ्यांची नऊ आठवड्यांची मुदत उलटली तर गर्भाशय ओढून रिकामं करणारी, हाताने चालणारी एमव्हीएची सिरिंज आहे, बारा आठवड्यांपर्यंत चालते. तिला वीज लागत नाही. पुरात आधी वीज जाते, हे लक्षात घेता प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या प्रत्येक सरकारी केंद्रात ती असणं मला तरी जनरेटरच्या डिझेलइतकंच गरजेचं वाटतं. बांगलादेशात गर्भपाताचा कायदा आपल्याहून कितीतरी कडक. तरी 1979 पासून तिथे पाळी नियमनाची, म्हणजे लांबलेली पाळी आणण्याची, सरकारी सेवा आहे, आणि 2017 ला रोहिंग्या आले तेव्हा कॉक्स बझारच्या छावण्यांतही ती देण्यात आली.

आणखी एक गोष्ट कागदावर कधी येत नाही. पुरात मालाडीची पाकिटं, छायाच्या गोळ्या, ही गर्भनिरोधकं वाहून जातात. दिवस राहू नयेत म्हणून अंतराचं इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचं, त्याची तारीख छावणीत उलटते. म्हणजे काही गर्भ पुरातूनच राहतात आणि कळतात दिवाळीच्या सुमारास, जेव्हा पूर बातम्यांतून गेलेला असतो. छावण्यांत जबरदस्ती होते, घरच्या माणसाकडूनही. गर्भपाताच्या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 ला सांगितलंय. म्हणून घोषणा पाणी ओसरल्याबरोबर संपू नये. 24 आठवडे म्हणजे साडेपाच महिने. पूर ओसरल्यापासून निदान सहा महिने ती लागू राहावी.

1964 साली केंद्राने गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा, तेव्हाचे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. 1966 ला अहवाल आला आणि 1971 चा कायदा त्यावर उभा राहिला. आपल्याकडे मागते आहे ते त्यापुढे फार छोटं आहे : एक शासन निर्णय. एखादा तालुका आपत्तिग्रस्त जाहीर झाला की या नियमाखालची घोषणा वेगळी न काढता आपोआप लागू व्हावी. केंद्राची संमती लागत असेल तर आजच पत्र लिहावं, पुराच्या दिवशी नव्हे. त्याच निर्णयात कीट, गोळ्या आणि एमव्हीए पूरसाठ्याच्या यादीत घालावीत आणि पाण्याच्या अलीकडे-पलीकडे कोणतं केंद्र सुरू राहील हे तालुकावार ठरवावं. 104 या आरोग्य हेल्पलाइनवर ही माहिती नाव न विचारता मिळावी.

मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होईल. त्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर