चेन कच्ची, कुलूप पक्के

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत विमानात द्यायच्या बॅगेला कुलूप कसे लावावे, यावर अर्धे पान खर्ची घातले आहे. छायाचित्र झकास. मजकुराबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'जाड कडीचे, सात लिव्हरचे पितळी कुलूप घ्या आणि निश्चिंत व्हा' असा आपल्या लेखकाचा सल्ला आहे. सात लिव्हरचे कुलूप दुकानाच्या शटरला लावतात, साहेब. लेखकाने ते बॅगेच्या रनरमधून एकदा ओवून तरी पाहायचे होते.

मुळात कुलूप तोडायची गरजच कोणाला पडत नाही. बाजारातल्या बहुतेक बॅगांना नायलॉनची, बारीक वळ्यांची चेन असते. बॉलपेनचे टोक दोन ओळींच्या मधोमध दाबले की ती उकलते. हात घालायचा, हवे ते काढायचे आणि कुलपाने एकत्र बांधलेले दोन्ही रनर जोडीनेच एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला फिरवायचे. चेन पुन्हा मिटते. कुलूप शाबूत, आकडा शाबूत, आणि मालक घरी जाऊन बॅग उघडेपर्यंत खुशीत. हे छापून चोरांना शिकवू नका असे कोणी म्हणेल. त्यांना ते केव्हाचे येते. माहीत नाही ते बॅगवाल्यांना.

हे जमते, कारण कुलूप रनरला रनर बांधते, बॅगेला नाही. रनर बॅगेच्या अंगाशी जखडले तर चेन उकलता येईल, पण परत मिटवता येणार नाही. म्हणजे विमानतळाच्या पट्ट्यावरून बॅग उचलतानाच दिसेल की कोणीतरी हात घातला आहे. हार्ड बॅगेच्या कडेला जे बसवलेले कुलूप असते, त्यात दोन्ही पुलर, म्हणजे रनर ओढायच्या पट्ट्या, खाचेत अडकतात ते यासाठीच. कापडी बॅगेत रनर शेजारच्या हँडलच्या मुळाशी न्यायचे आणि तारेचे, लवचिक कुलूप पुलरमधून घेऊन हँडलभोवती घट्ट फिरवायचे. ढिले ठेवले तर रनर सरकायला जागा मिळते आणि केले ते वाया जाते. पैसे खर्च करायचेच असतील तर कुलपावर करू नका, बिनचेनची, खटक्यांची हार्ड बॅग घ्या.

जाड कुलपाचा दुसरा तोटा लेखात नावालाही नाही. ते लोंबते. विमानतळावरचा पट्टा जिथे संपून दुसरा सुरू होतो, तिथल्या फटीत किंवा दुसऱ्याच्या बॅगेच्या बंदात ते अडकते. ओढ बसली की कुलूप सुटत नाही, रनर उपटून येतो. मग नवा रनर शोधत फिरायचे. त्यासाठी जुन्या रनरच्या पाठीवर ५, ८ किंवा १० असा आकडा असतो तो पाहून तसाच घ्यावा लागतो. आठच्या चेनवर दहाचा चढवला तर तो पुढे जातो आणि मागून चेन उघडीच राहते. दात चेपले असतील तर अख्खी चेन बदलणे आले, आणि तो खर्च कुलपापेक्षा कितीतरी जास्त.

आता त्या टीएसए कुलपाविषयी. लाल हिऱ्याचे चिन्ह असलेले हे कुलूप देशातल्या प्रवासातही 'आवश्यक' असल्याचे लेखात ठोकून दिले आहे. टीएसए ही अमेरिकेची सुरक्षा यंत्रणा. २००३ पासून ही कुलपे निघाली, कारण तिथे प्रवासी समोर नसताना बॅग उघडून तपासतात. त्यांच्या मास्टर चावीने उघडणारे कुलूप असेल तर उघडून परत लावतात, नसेल तर कापतात आणि भरपाई देत नाहीत. आकड्यांच्या कुलपाला खाली जे चावीचे भोक असते ते त्यांच्यासाठी आहे. त्याची चावी पाकिटात आली नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नये. आणि ती चावी फार गुप्त आहे असेही नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने त्या जुडग्याचा फोटोच छापला आणि २०१५ मध्ये लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर चाव्या काढल्या. वर्तमानपत्रांनी छापण्याआधी विचार करावा, हे आम्ही आजच म्हणतो आहोत असे नाही.

आपल्याकडे सहसा रीत वेगळी. एक्स-रेमध्ये शंका आली तर प्रवाशाला बोलावतात आणि त्याच्यासमोर बॅग उघडतात. तो आला नाही तर बॅग मागे राहते. म्हणून चावी हातातल्या सामानात हवी, आणि आकडा घरच्या डायरीत नव्हे, डोक्यात हवा. बसवलेल्या कुलपाचे आकडा बदलायचे बारीक बटण कुलूप उघडे असताना चुकून दाबले जाते, चकत्या हलतात आणि मालकाला माहीत नसलेला नवा आकडा तयार होतो. घाबरू नये. ००० ते ९९९ ओळीने फिरवले तर तासाच्या आत उघडते. चोरालाही तेवढाच वेळ लागतो, हे लेखातल्या 'अभेद्य' शब्दाबद्दल.

बॅग उघडायला लावतात ती कुलपामुळे नव्हे, आतल्या मालामुळे. मशीनवर सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात आणि ज्वारीच्या पिठाची किंवा येसराची दाबून भरलेली पाच किलोची पिशवी म्हणजे एकसंध नारिंगी ठोकळा. ती वेगळी, वरच्या थरात, चटकन दाखवता येईल अशी ठेवावी. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालतच नाही, ती हातातल्या बॅगेत घ्यायची, तीही १०० वॅट-अवरच्या आतली. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, म्हणजे चालते. सुके खोबरे चेक-इनला देऊ नका. त्यात तेल असते आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून मनाई आहे. लेकीला परदेशी पाठवताना आईने कोंबलेली खोबऱ्याची वाटी अशीच काउंटरवर निघते.

खरे तर कुलूप लागते ते रस्त्यावर. लातूरकर हैदराबादच्या विमानतळावर जातो तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, आणि गाडी ढाब्यावर उभी राहते तेव्हा डिकी सताड उघडी असते. तिथे दहा सेकंदांत हात मारणाऱ्याला साधे कुलूपही पुरते. विमानतळ आल्यावर ते काढून रंगीत केबल टाय लावला तरी काम भागते. फक्त तो काळा-पांढरा नको, कारण तसाच दुसरा लावून ठेवणे सोपे. पोचल्यावर कापायला छोटी कात्री त्याच बॅगेच्या बाहेरच्या, बिनकुलपाच्या कप्प्यात ठेवा. हातातल्या बॅगेत ठेवली तर सुरक्षा तपासणीत जाईल.

आणि जे सांगायला हवे होते ते लेखात नाहीच. बॅग फाटलेली, उघडलेली किंवा हलकी वाटली तर पट्ट्याच्या हॉलमधून बाहेर पडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल, लिहून घ्यायचा. टॅगवर वजन छापलेले असते. तिथेच बॅग पुन्हा वजनाला लावायला सांगा, दोन किलोची तूट कागदावर आली तर बोलायला जागा राहते. नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत, बॅग उशिरा मिळाल्याची २१ दिवसांत. देशांतर्गत प्रवासात भरपाईची कमाल मर्यादा २०,००० रुपये. दागिने आणि रोकड चेक-इनला दिली असेल तर कंपन्या हात वर करतात. तेव्हा सोने अंगावर किंवा हातातल्या बॅगेत, कुलूप कितीही लिव्हरचे असो.

जाता जाता, विषय निघालाच आहे तर: शब्दकोड्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी देऊ असे आपण छापता आणि आमच्या आवृत्तीत त्या जागी टायरची जाहिरात येते. परवाच्या कोड्यातला आडवा १४ अजून सुटलेला नाही. तेवढे कळवावे.

आपला,
एक वाचक, गंजगोलाई, लातूर