मिग उडवण्यापेक्षा त्याला छप्पर द्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चंदीगडला 26 सप्टेंबर 2025 रोजी मिग-21 लढाऊ विमाने भारतीय हवाई दलातून निवृत्त झाली. त्यानंतर आपल्या पत्रसदरात एका वाचकाने अशी मागणी केली होती की किमान एक मिग-21 उडत्या स्थितीत राखावे आणि दर वर्षी हवाई दल दिनाला ते आकाशात दिसावे. ज्या ग्वाल्हेरला 1985 पासून मिराज लढाऊ विमानांच्या गडगडाटाने दुपारची झोप मोडण्याची सवय झाली आहे, तिथे ही भावना कोणालाही समजेल. माझी उमेदीची वर्षे विमानांच्या देखभालीत गेली असल्याने मलाही ती समजते. मागणी मात्र पटत नाही.

जुनी विमाने उडवूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. 2018 मध्ये दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर दाखल झालेल्या ‘परशुराम’ या डकोटा जातीच्या जुन्या वाहतूक विमानाच्या शेपटीवर ‘व्हीपी 905’ हा क्रमांक आहे, म्हणजे 27 ऑक्टोबर 1947 रोजी जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा. विमान मात्र ते नव्हे. ब्रिटनमध्ये दुरुस्त करून आणलेले ते दुसरे डकोटा आहे. यात मला काही खोटेपणा वाटत नाही. लष्करी डकोटा 10,000 हून अधिक बांधली गेली, त्यांचे पिस्टन इंजिन हाताळणारी माणसे अजून आहेत आणि त्यांतले एखादे उडवल्याने इतिहासाचा पुरावा पुसला जात नाही.

याच्या उलट दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयातल्या वापिटी या जुन्या दुपंखी विमानाचे उदाहरण घ्यावे. आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन 1933 मध्ये चार वापिटींवर उभी राहिली, आणि आज या जातीचे पूर्ण विमान साऱ्या जगात पालमचे ते एकच उरले आहे. त्याला हवेत न्यायचे झाले, तर तारा, नळ्या, कापड आणि कदाचित पंखांचा सांगाडाही नवा घालावा लागेल. आमच्या गावाला गाण्याची भाषा लवकर कळते म्हणून सांगतो: तंबोऱ्याच्या तारा कितीदाही बदलल्या तरी तंबोरा तोच राहतो, पण भोपळा आणि दांडी बदलली की तो दुसराच होतो. विमानाचे टायर आणि होस (रबरी नळ्या) म्हणजे तारा. स्पार (पंखाचा मुख्य आडवा कणा) आणि पत्रा म्हणजे भोपळा. कारखान्यातल्या तपासनिसाचा शिक्का, घाईत मारलेले ठिगळ, एकाखाली एक दडलेले रंगाचे थर, हे सारे त्या पत्र्यावरच असते, आणि उड्डाणाची परवानगी मिळवताना सर्वांत आधी तेच जाते.

कधी कधी तर विमानच जाते. फेब्रुवारी 1947 मध्ये ग्रीनलंडच्या गोठलेल्या तळ्यावर उतरलेले एक अमेरिकी बी-29 बॉम्बर बर्फाने 48 वर्षे जवळजवळ धडधाकट सांभाळले होते. मे 1995 मध्ये ते उडवून परत न्यायचा प्रयत्न झाला, धावपट्टीकडे जातानाच मागच्या भागात आग लागली, आणि जे काळाला जमले नव्हते ते उत्साहाने काही मिनिटांत करून दाखवले.

मिग-21 हजारोंनी बनली हे खरे, पण ते डकोटासारखे सोशिक विमान नव्हे. ते ताशी 300 किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरते, त्याच्या इंजिनाचे आयुष्य तासांत मोजलेले असते, आणि इजेक्शन सीटमधली स्फोटक काडतुसे मुदत संपली की बदलावीच लागतात. ब्रिटनचे व्हल्कन बॉम्बर लोकवर्गणीतून 2007 मध्ये पुन्हा उडाले, परंतु मूळ उत्पादकांनी तांत्रिक जबाबदारीतून हात काढून घेतल्यावर 2015 मध्ये त्याचे उड्डाण कायमचे थांबवावे लागले. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या शोरहॅमच्या हवाई प्रदर्शनात एक जुने हंटर जेट रस्त्यावर कोसळून 11 जण मृत्युमुखी पडले. ती सारी माणसे विमानतळाबाहेरची होती. आपल्या महाराजपुऱ्याच्या हवाई तळाजवळ दीनदयाल नगरची वस्ती आहे, हे आपण ग्वाल्हेरकरांनी तरी विसरू नये.

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. आपल्याकडे निवृत्त विमानाला न उड्डाण मिळते, न जतन. त्याला चौकात खांबावर चढवले जाते. तिथे पावसाचे पाणी जोडांत साचते, पोलादी बोल्टांभोवतीचे ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झडू लागते, ग्वाल्हेरच्या 45 अंशांच्या उन्हात कॅनॉपी (वैमानिकावरचे पारदर्शक झाकण) पिवळी पडून तडकते, आणि दर काही वर्षांनी साध्या ऑइलपेंटचा एक हात फासला की देखभाल झाली असे मानले जाते. (मूळ रंगाची छटा कोणी तपासून पाहतो, असे माझ्या तरी पाहण्यात नाही.)

उद्या मिराजही निवृत्त होतील, आणि त्यांतले एखादे या शहराच्या वाट्याला यावे ही मागणी रास्तच ठरेल. महापालिकेने ती करताना जागेबरोबर चारही बाजूंनी बंद, हवेशीर दालनाचा आराखडाही सोबत द्यावा. विमानाचे झाकण उघडून इंजिन बाजूला मांडावे, म्हणजे शाळेतल्या मुलांना ते कसे चालते हे पाहता येईल. ते जमणार नसेल, तर विमान मागूच नये. साळुंक्यांना घरटी बांधायला गावात झाडे आहेत.

आपला,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ
लष्कर, ग्वाल्हेर