टेबल-खुर्ची नाही म्हणून मान मोडून घ्यायची गरज नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून 'घरातलं ऑफिस' म्हणून जे फोटो छापून येतात ना, ते बघून दर वेळी वाटतं की हे घर नक्की आहे तरी कुणाचं. खिडकीला लागून पांढरंशुभ्र टेबल, चाकांची उंच पाठीची खुर्ची, बाजूला मनीप्लांट आणि टेबलावर लॅपटॉप सोडला तर काही म्हणजे काही नाही, ना औषधांचा डबा, ना लाइट बिल, ना मुलांची कंपासपेटी. वन बीएचकेत राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी ते फोटो बघायचे, मग ऑनलाइन खुर्चीची किंमत बघायची आणि गपचूप परत पलंगावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचं. 2020 च्या लॉकडाऊनपासून हे असंच चाललंय. ऑफिसं परत सुरू झाली तरी कित्येकांना आठवड्यातले काही दिवस घरूनच काम असतं, शिवाय मुलांचे क्लास, बँकेची कामं, म्हाताऱ्या माणसांचे पेन्शनचे फॉर्म, सगळं आता कॉम्प्युटरवरच. म्हणून म्हटलं एकदा लिहूयाच, की टेबल-खुर्ची नसली तरी मस्त आरामात काम होतं, फक्त ते कसं हे कुणीतरी मापांसकट सांगायला पाहिजे.

आधी जागेचं बघा. 4 बाय 2 फुटांचं टेबल घेतलं आणि मागे खुर्ची सरकवायला 3 फूट सोडले की 20 स्क्वेअर फूट गेले. डोंबिवलीत आज फुटाला काय भाव चाललाय ते बिल्डरला विचारा, म्हणजे हे टेबल खरं कितीला पडतं ते कळेल. बरं एवढं करून ते आपल्या मापाचं असतं का, तर तेही नाही. बाजारातलं टेबल सरसकट 30 इंच उंच असतं. पाच फुटाची बाई पाय जमिनीला टेकवून खुर्चीत बसली तर तिचं कोपर साधारण तेवीस-चोवीस इंचांवर येतं, म्हणजे टाइप करताना तिचे खांदे सतत वर उचललेले. खुर्ची वर केली की पाय लोंबकळतात, मग पायाखाली जेवायचा जुना पाट घ्यायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये तीन घरांत मी हा पाट बघितलाय आणि तिन्ही घरांत त्या बायकांना वाटतं की आपली उंचीच कमी, आपलंच काहीतरी चुकतंय! अहो टेबलच उंच माणसाच्या मापाने केलेलं आहे.

आता खरी गोम. लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असतात आणि सगळा त्रास तिथून सुरू होतो. हात आरामात ठेवायचे तर कीबोर्ड कोपराच्या उंचीला पाहिजे आणि मान सरळ राहायची तर स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या समोर पाहिजे, आणि या दोन जागांमध्ये दीड-दोन फुटांचं अंतर असतं. म्हणजे एकतर मान खाली नाहीतर हात वर, तिसरा मार्गच नाही, मग तुम्ही वीस हजारांच्या खुर्चीत बसा नाहीतर जमिनीवर बसा. यावर उपाय म्हणजे वेगळा कीबोर्ड आणि माऊस, साधे वायरवाले हजार रुपयांच्या आत दोन्ही येतात. लॅपटॉप डब्यांवर, पुस्तकांवर, कशावर पण उंच ठेवायचा आणि कीबोर्ड खाली घ्यायचा. एकदा हे दोन वेगळे केले की मग कुठे बसायचं हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न राहतो. माझं म्हणणं एवढंच आहे की खुर्चीच्या आधी कीबोर्ड घ्या.

मी स्वतः जमिनीवर बसते. घरून अकाउंट्सची कामं करते, जीएसटी रिटर्नच्या तारखा जवळ आल्या की दिवसदिवस बसावं लागतं. पेढीवर मुनीमजी गादीवर बसून समोरच्या बुटक्या उतरत्या डेस्कवर चोपड्या लिहायचे ते ज्यांनी बघितलंय त्यांना यात नवल वाटणार नाही, हिशोबाचं काम आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या खालीच बसून झालंय. पण नुसतं फरशीवर मांडी ठोकून बसलं की अर्ध्या तासात कंबर वाकते, कारण गुडघे वर आणि बूड खाली राहतं, मग कमरेचा बाक उलटा होतो आणि माणूस पुढे पोक काढतो. त्यासाठी बुडाखाली चारेक इंचांचं काहीतरी पाहिजे, जुनी गादी घडी घालून नाहीतर कडक उशी, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ होते. उशी मऊ नको, दबून फरशीला टेकली की परत तेच. अशा बैठकीत कोपर जमिनीपासून बारा इंचांच्या आसपास येतं, म्हणजे समोरचं डेस्क अकरा-बारा इंचांचं हवं. पूजेचा चौरंग बऱ्याचदा याहून बुटका असतो आणि त्याच्याखाली गुडघे पण जात नाहीत, म्हणून सुताराकडून नुसत्या दोन बाजूंना पाय असलेलं, मधे मोकळं असं करून घेतलेलं बरं. माझं डेस्क जुन्या पलंगाच्या फळीचं आहे, काम झालं की कपाटामागे उभं करून ठेवते आणि तिथेच रात्री मुलीची गादी पडते, फोटोतल्या त्या टेबलाला हे जमणार आहे का?

पायाला मुंग्या येतात ही तक्रार खरी आहे आणि त्याला इलाज म्हणजे हलत राहणं, कधी मांडी, कधी एक पाय लांब, कधी भिंतीला टेकून दोन्ही लांब. खालच्या बैठकीचा हाच तर फायदा आहे की बसायची एकच एक पद्धत नसते. मात्र ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांनी या भानगडीत पडू नये, डॉक्टर त्यांना खाली बसायला नको म्हणूनच सांगतात.

जमिनीवर बसणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट, जी दुकानदार कधी सांगत नाही. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप आणि दोन पिनचा चार्जर असेल तर चार्जिंग चालू असताना लॅपटॉपवर हात फिरवला की बारीक झिणझिणी जाणवते. खुर्चीत चपला घालून बसणाऱ्याला ते फारसं कळत नाही पण उघड्या पायाने फरशीवर बसलं, त्यात लादी नुकतीच पुसलेली असली, की बरोबर कळतं. करंट अगदी कमी असतो पण नकोसं वाटतं. तीन पिनचा, अर्थिंगवाला चार्जर मिळत असेल तर तो वापरा आणि खाली सतरंजी तरी घालाच. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर टाकू नका, भिंतीला खिळ्यावर टांगा, कारण फडक्याचं पाणी कधी त्यात जाईल सांगता येत नाही.

आता आरामखुर्ची. आमच्या घरात सासरे, म्हणजे अप्पा, सोसायटीचा सगळा हिशोब आणि पत्रव्यवहार कॉम्प्युटरवर करतात आणि तेही आरामखुर्चीत रेलून. पहिल्यांदा सगळे हसले की हे काय काम करणं झालं का. आपल्याकडे रेलून बसलेला माणूस काम करतोय हे कुणाला पटतच नाही, ताठ बसलं तरच काम, शाळेत मास्तरांनी तसंच शिकवलेलं ना. पण 2006 साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला डॉक्टरांनी 22 निरोगी माणसांना वेगवेगळ्या पद्धतीने बसवून एमआरआय काढले होते, ज्यात बसता येतं अशा खास मशीनमध्ये, आणि त्यात असं दिसलं की 90 अंशात ताठ बसण्यापेक्षा 135 अंशात मागे रेलून बसल्यावर मणक्यांमधल्या गाद्यांवर ताण कमी पडतो. अप्पांना हे मी सांगितल्यापासून ते आल्यागेल्याला ऐकवत असतात.

फक्त रेलून बसायचं तर स्क्रीन पण वर पाहिजे, नाहीतर हनुवटी छातीला टेकते आणि पाठीचं दुखणं मानेवर जातं. अप्पांनी यासाठी हॉलमधला टीव्हीच वापरला, भिंतीवर बरोबर डोळ्यांसमोर आहे. लॅपटॉपमधून एचडीएमआय केबल टीव्हीला लावायची, वायरलेस कीबोर्ड-माऊस घ्यायचा आणि खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची. यात दोनतीन बारीकसारीक गोष्टी आहेत. टीव्ही फुल एचडी पाहिजे, 32 इंची स्वस्तातले नुसते एचडी रेडी असतात आणि त्यावर अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन पिक्चर साइझला जस्ट स्कॅन किंवा पीसी मोड करायचं. माऊस हलवल्यावर बाण मागून येतोय असं वाटलं तर गेम मोड लावायचा, हे नातवाने शोधून दिलं. आणि कॉम्प्युटरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल, म्हणजे अक्षरांचा आकार, 150 टक्के करायचं, म्हणजे पाच-सहा फुटांवरून चष्म्याची ओढाताण न होता वाचता येतं. कापडाच्या आरामखुर्चीत कंबर खोल जाते म्हणून कमरेमागे एक छोटी उशी लागते. तोटा एकच, मालिकेच्या वेळेला टीव्ही सासूबाईंचा, त्यात तडजोड नाही.

उभं राहून काम करायचं फॅड पण आलंय. वरखाली होणारी मोटरची टेबलं कशाला पाहिजेत, घरात ओटा आहे की. फक्त ओटा तेहतीस-चौतीस इंचांचा असतो, कणिक मळायला, पोळ्या लाटायला जोर देता यावा म्हणून, आणि उभं राहून टाइप करायला सव्वापाच फुटी माणसाला 39 इंचांच्या आसपास लागतं. म्हणजे ओट्यावर सहा इंचांचा चौरंग ठेवला की काम झालं, अर्थात शेगडीपासून आणि नळापासून लांब. चपलांच्या कपाटावर पण जमतं. इस्त्रीचा फोल्डिंग बोर्ड वरखाली होतो पण डुगडुगतो, महागाचा लॅपटॉप त्यावर ठेवायची माझी तरी हिंमत नाही. दिवसभर उभं राहणं काही चांगलं नाही, ट्रॅफिक पोलिसांना आणि शिक्षकांना विचारा पायाच्या शिरांचं काय होतं ते. फोनवर मीटिंग असेल तेवढा अर्धा तास उभं राहावं, बास.

पलंगावर बसणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगते. पाय सरळ पसरून पाठ भिंतीला लावली की मांड्यांच्या मागच्या शिरा ओढल्या जातात आणि कंबर घसरते, म्हणून गुडघ्याखाली लोड घ्या. आणि लॅपटॉप गादीवर किंवा थेट मांडीवर ठेवू नका, खालची हवा जायची भोकं बंद होऊन तो तापतो आणि रोज तासन् तास मांडीला ती धग लागली की कातडीवर जाळीसारखे तांबूस-काळपट डाग पडतात. काश्मीरमध्ये फिरनच्या, म्हणजे लांब झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, घेऊन बसणाऱ्यांना पडतात तेच हे डाग, डॉक्टर लोक त्याला एरिथेमा अ‍ॅब इग्ने म्हणतात. लाकडी ट्रे घ्या, सुटलात.

गुडघे टेकून बसायची ती नॉर्वेवाल्यांची खुर्ची, 1979 साली निघालेली, ती आता इथेही ऑनलाइन मिळते, कंबर छान राहते म्हणे पण नडग्यांवर भार येतो. व्यायामाचा मोठा फुगा घेऊन त्यावर बसणारे पण आहेत, लहान मुलं असलेल्या घरात तो दुपारपर्यंत सुद्धा टिकणार नाही. आणि झोपाळा! झोपाळ्यावर बसून वाचन करा, फोन करा, पण व्हिडिओ मीटिंग नको, एका बाईंच्या मागची खिडकी अख्खा वेळ वरखाली होत होती आणि आम्हा सगळ्यांना गरगरायला लागलं.

कुठेही बसा, डोळ्यांना मात्र दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरचं काहीतरी 20 सेकंद बघू द्या. वन बीएचकेत 20 फूट आणायचे कुठून, तर खिडकीबाहेर बघा, समोरच्या बिल्डिंगवाल्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

शेवटी कंपन्यांबद्दल. माझी नणंद एका कंपनीत आहे, घरून काम म्हणून लॅपटॉप दिला, बॅग दिली, कंपनीचं नाव छापलेला मग दिला, पण वेगळा कीबोर्ड मागितला तर म्हणे पॉलिसीत बसत नाही. ब्रिटनमध्ये स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी 1992 साली केलेले नियम आहेत, त्यात कर्मचाऱ्याची बसायची जागा तपासून त्रास होऊ नये याची जबाबदारी मालकावर असते आणि घरून काम करणाऱ्यांनाही ते लागू आहेत. आपल्याकडे तेवढं कधी होईल तेव्हा होवो. निदान आपल्या वर्तमानपत्राने अशा मापांचा एक तक्ता छापावा, पाच फुटी, साडेपाच फुटी, सहा फुटी माणसाला खाली बसून किती, रेलून किती, उभं राहून किती, म्हणजे लोक कात्रण काढून सुताराकडे नेतील. आणि कुठल्या एचआरवाल्यांनी हे पत्र वाचलंच तर यंदा दिवाळीला ड्रायफ्रूटच्या डब्याऐवजी प्रत्येकाला एक कीबोर्ड-माऊस पाठवा, काजू आम्ही आमचे आणू.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)